गृहयंत्रविचार : अक्षर आणि त्याची भूमि

पोथी लिहिणारा जुना लेखक एखादें अक्षर चुकला, तर तें खरवडीत बसत नसे. त्या अक्षरावर तो हरताळाचा पिवळा लेप देई आणि लेप वाळला म्हणजे त्यावर नवें अक्षर लिही. पिवळसर कागदावर पिवळा लेप बसला कीं खालचें अक्षर असून नसल्यासारखें होई. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार यावरूनच आपल्या भाषेंत रूढ झाला. मात्र लेखकाचा हरताळ जाणूनबुजून लावलेला असे. आजच्या घरोघरच्या संगणकावर हेंच काम पुष्कळदां कोणाच्या मनांत नसतांना होतें. अक्षराचा रंग व त्याच्या मागील भूमीचा रंग एक होतो आणि लिहिलेला मजकूर, बटणावरील शब्द किंवा यादींतील ओळ डोळ्यांदेखत नाहींशी होते. या महिन्यांत त्याचाच विचार करावयाचें योजिलें आहे. कारण या विषयावर आलेलें एक पत्र आम्हांस सर्वच वाचकांच्या उपयोगाचें वाटलें.

पत्र चारठाण्याचें आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांतील हें गांव तेथील जुनीं दगडी देवळें, बारव आणि कोरीव स्तंभ यांमुळें इतिहासप्रेमी लोकांस ठाऊक आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे मामंजी निवृत्त शिक्षक असून त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचें आहे. गांवांतील देवळें, त्यांवरील शिल्पें आणि वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती यांचीं टिपणें ते दोन वर्षें संगणकावर लिहीत आले. दिवाळींत नातू पुण्याहून आला. आजोबांच्या डोळ्यांस आराम पडावा, या प्रेमळ हेतूनें त्यानें संगणकाचे सारे रंग बदलून दिले: गर्द निळी भूमि आणि तीवर फिकट पिवळीं अक्षरें. लेखनाच्या प्रोग्रामांतील पानाची भूमिहि त्यानें तशीच निळी केली. त्या दिवशीं सर्व कांहीं सुरेख दिसलें व नातू आनंदानें परत गेला.

पुढें मात्र एकेक विघ्न निघूं लागलें. कांहीं प्रोग्रामांतील मेनूचीं नांवें दिसेनात. जुन्या टिपणांपैकीं कांहीं पानें स्वच्छ दिसत, तर कांहीं अंधाऱ्या गाभाऱ्यांतील मूर्तीसारखीं नुसतीं भासत. मामंजींनीं युक्ति काढली. सर्व मजकूर निवडून त्यांनीं त्याचीं अक्षरें पांढरीं केलीं, आणि तीं दिसूं लागलीं. परंतु तीच फाईल जिंतुरास छापावयास पाठविली, तों चाळीस पानांच्या जागीं चाळीस कोरे कागद हातीं आले. ‘माझे डोळे गेले, आणि लिहिलेलेंहि गेलें,’ असें म्हणून त्यांनीं लिहिणेंच सोडलें आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वींच झालेली असून डॉक्टरांनीं डोळे पुन्हां तपासून ते ठीक असल्याचें सांगितलें, तरी त्यांचा विश्वास बसत नाहीं. ‘आतां काय करावें, तें कळवावें,’ अशी भगिनींची विनंति आहे.

प्रथम अभय देतों. लिहिलेलें एक अक्षरहि गेलेलें नाहीं. कागद कोरे आले याचें कारण एवढेंच कीं, पांढऱ्या कागदावर पांढरीं अक्षरें छापण्याची आज्ञा यंत्रास मिळाली होती, आणि यंत्रानें ती तंतोतंत पाळली. पडद्यावरची निळी भूमि ही केवळ पडद्याची शोभा. ती कागदावर उतरत नाहीं. अक्षराचा पांढरा रंग मात्र फायलींत लिहिला गेला, आणि तो फाईल जेथें जाईल तेथें तिच्याबरोबर गेला. हा भेद ज्यास समजला त्यास या विषयाचें अर्धें मर्म समजलें.

अक्षर दिसेनासें झालें म्हणजे दोष तीन ठिकाणीं असूं शकतो: डोळ्यांत, पडद्यांत किंवा रंगांच्या योजनेंत. तो कोठें आहे हें ठरविण्यास डॉक्टर लागत नाहीं व कारागीरहि लागत नाहीं. पडद्याचें चित्र काढण्याची, म्हणजे स्क्रीनशॉटची, सोय प्रत्येक संगणकांत असते. तें चित्र काढून घरांतील दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवर पाठवावें. तेथेंहि अक्षर दिसत नसेल, तर दोष रंगयोजनेचा समजावा. तेथें तें स्वच्छ दिसलें आणि संगणकावर कोणासच दिसलें नाहीं, तर पडद्याचा उजेड कमी झाला असेल, किंवा रात्रीसाठीं पडदा पिवळसर करणारी सोय चालू राहिली असेल. कारण तो पिवळेपणा बहुधा चित्रांत उतरत नाहीं. इतरांस दोन्हीकडे दिसतें व एकासच दिसत नाहीं, तेव्हां मात्र डोळ्यांकडे वळावें. चारठाण्याच्या पत्रासोबत आलेल्या चित्रांत आम्हांसहि मेनूचीं नांवें दिसलीं नाहींत. तेव्हां मामंजींनीं आपल्या डोळ्यांवर ठेवलेला आरोप मागें घ्यावा.

आतां रंगयोजना, म्हणजे आपल्या मुलांच्या तोंडचा ‘थीम’ हा शब्द, याचा अर्थ पाहूं. पडद्यावर जें जें दिसतें त्या प्रत्येकास संगणकांत एक नांव असतें: खिडकीची भूमि, खिडकींतील अक्षर, बटणाची भूमि, बटणावरील अक्षर, निवडलेल्या ओळीची भूमि, त्या ओळींतील अक्षर, इत्यादि. या नांवांपुढें रंग मांडलेली यादी म्हणजेच थीम. रंग तीन अंकांनीं सांगतात. तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश किती घ्यावयाचा, हें प्रत्येकाच्या बाबतींत ० पासून २५५ पर्यंतच्या अंकानें लिहितात. तिन्ही अंक शून्य असतां काळा, तिन्ही २५५ असतां पांढरा. या हिशेबानें १,६७,७७,२१६ रंग होतात; म्हणजे निवडीस वाव अमर्याद आहे, आणि चुकण्यासहि तितकाच आहे.

चारठाण्याच्या संगणकावर लिनक्स असून त्यावर केडीई नांवाची मांडणी आहे. तींत ही यादी साध्या मजकुराच्या एका फायलींत असते व ती कोणासहि उघडून वाचतां येते. ‘व्ह्यू’, ‘विंडो’, ‘बटन’, ‘सिलेक्शन’, ‘टूलटिप’ असे तिचे भाग असून प्रत्येक भागांत भूमीचा रंग वेगळा व अक्षराचा वेगळा लिहिलेला असतो. विंडोज ११ मधील ‘कॉन्ट्रास्ट थीम्स’ या सोयींतहि हाच प्रकार आहे; निवडलेला मजकूर व बटणावरील मजकूर यांपुढें तेथें दोन-दोन रंगांच्या चौकटी शेजारीं शेजारीं मांडलेल्या दिसतात. या मांडणींतच शहाणपण आहे. रंग एकटा नसतो. त्याची जोडी असते. अक्षर आणि त्याची भूमि हीं दोन्ही मिळून एक वस्तु आहे. जो एकास हात लावील त्यानें दुसऱ्याची चौकशी केलीच पाहिजे.

रंग बदलण्याची हौस कांहीं आजची नव्हे. १९९२ सालीं निघालेल्या विंडोज ३.१ मध्यें तयार रंगयोजनांची एक यादीच दिलेली होती. त्यांतील ‘हॉटडॉग स्टँड’ नांवाची भडक तांबडी-पिवळी योजना पुढें चेष्टेचा विषय झाली. एकेका भागाचा रंग वेगवेगळा बदलण्याची विंडोजमधील जुनी खिडकी २०१२ सालच्या विंडोज ८ मध्यें काढून टाकण्यांत आली. पुढें २०१६ सालीं विंडोज १० मध्यें व २०१८ सालीं ॲपलच्या मॅकओएस मोहावेमध्यें काळ्या भूमीची ‘डार्क’ रीति आली, आणि तेव्हांपासून तरुण मंडळींस पांढरा पडदा जुनाट वाटूं लागला. लिनक्सवर मात्र वाटेल तो भाग वाटेल त्या रंगानें रंगविण्याची मोकळीक पूर्वींपासून आहे व आजहि आहे. जेथें मोकळीक अधिक, तेथें जोडी मोडण्याचा संभवहि अधिक.

जोडी मोडते कशी? पडद्यावरील रंगांचे धनी तीन आहेत. पहिली संगणकाची मूळ व्यवस्था, दुसरा प्रोग्राम, आणि तिसरा प्रत्यक्ष लेख. एका घरांत तीन भाऊ असावे, थोरल्यानें भिंतीस चुना द्यावा, मधला घरीं नसावा, आणि धाकट्यानें त्याच भिंतीवर चुन्यानेंच घराचें नांव लिहावें, तसें येथें घडतें. कोणाचेंच काम चुकीचें नसतें. परंतु नांव कोणास वाचतां येत नाहीं. एखादा प्रोग्राम आपली भूमि पांढरी ठरवून मोकळा होतो व अक्षराचा रंग व्यवस्थेकडून घेतो. व्यवस्थेचीं अक्षरें काळीं असत तोंवर कोणास कांहीं कळत नाहीं. घरच्यांनीं काळी थीम लावली कीं व्यवस्था पांढरीं अक्षरें देऊं लागते, आणि पांढऱ्यावर पांढरें येतें. लिनक्सवर काळी थीम लावणाऱ्या लोकांस फायरफॉक्समध्यें संकेतस्थळांवरील अर्ज भरतांना वर्षानुवर्षें हाच अनुभव आला. संकेतस्थळानें चौकटीची भूमि पांढरी सांगितलेली, अक्षराविषयीं मात्र मौन पाळलेलें. मग टंकलेलें नांव चौकटींत असे, पण दिसत नसे.

नातवानें निवडलेली जोडी वास्तविक वाईट नव्हती, हें येथें आंकड्यांनींच दाखवितों. दोन रंगांतील उजेडाचा फरक मोजण्याची एक सर्वमान्य रीति आहे. संकेतस्थळें सर्वांस वापरतां यावीं यासाठीं २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ती दिली आहे. पांढरा व काळा यांचें प्रमाण २१ : १, हें सर्वांत मोठें; एकच रंग दोनदां घेतला तर १ : १. साध्या आकाराच्या मजकुरास किमान ४.५ : १ पाहिजे, मोठ्या अक्षरांस ३ : १ चालतें, आणि दृष्टि मंद असणारांसाठीं ७ : १ असावें, असें तीं तत्त्वें सांगतात. या मोजणींत तिन्ही प्रकाशांस सारखा मान नाहीं. आपल्या डोळ्यास हिरवा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो, म्हणून त्याचा वांटा शेंकडा सुमारें ७१, तांबड्याचा २१ व निळ्याचा अवघा ७ धरतात.

आतां नातवाची गर्द निळी भूमि घ्या (तांबडा ०, हिरवा ०, निळा १२८), आणि तीवर त्याचें फिकट पिवळें अक्षर ठेवा (२५५, २५५, २०४). प्रमाण सुमारें १५.६ : १ येतें; म्हणजे उत्तम. तेंच पिवळें अक्षर एखाद्या प्रोग्रामच्या पांढऱ्या भूमीवर पडलें, तर १.०३ : १, म्हणजे जवळजवळ शून्य फरक. उलट त्या निळ्या भूमीवर जुन्या टिपणांतील काळें अक्षर आलें, तर १.३ : १. म्हणजे तेच दोन रंग जोडीनें राहिले तर उत्कृष्ट, आणि ताटातूट झाली तर दोन्ही निरुपयोगी. मामंजींस मेनूचीं नांवें न दिसण्याचें कारण पहिलें, व जुनीं पानें अंधुक होण्याचें कारण दुसरें. आपल्या घरीं आवडीचा असलेला केशरी रंगहि (२५५, १५३, ५१) असाच पारखून घ्यावा. काळ्यावर त्याचें प्रमाण सुमारें ९.९ : १ येतें, पांढऱ्यावर मात्र २.१ : १ च. निमंत्रणपत्रिकेवरील मोठ्या मथळ्यास तो शोभला तरी बारीक मजकुरास वापरूं नये.

येथें कोणी म्हणेल, थोडें अंधुक दिसलें तर काय बिघडलें? इंग्रजी अक्षराच्या मानानें आपल्या लिपीचें अधिक बिघडतें. देवनागरींत अर्थाचा भार पुष्कळदां एका ठिपक्यावर किंवा एका बारीक मात्रेवर असतो. ‘मद’ आणि ‘मंद’, ‘वश’ आणि ‘वंश’, ‘देव’ आणि ‘दैव’ यांतील अंतर पडद्यावर दोन-चार ठिपक्यांचेंच असतें. भूमि व अक्षर यांतील फरक कमी झाला कीं आधीं जातो तो अनुस्वार, मग रफार, मग मात्रा. शिरोरेषा व दंड शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळें वाचणारास शब्द दिसल्याचा भास होतो, पण तो भलताच शब्द असतो. देवळांच्या टिपणांत राजवंशाचा ‘वंश’ जाऊन ‘वश’ राहिला, तर उद्यांच्या वाचकानें काय समजावें? दिसण्याचा प्रश्न हा असा लिखाणाच्या खरेपणाचाहि प्रश्न आहे.

आतां उपाय. तो क्रमानेंच करावा. घाईनें चार रंग एकदम बदलले म्हणजे कोणत्या बदलानें काय झालें हें समजत नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, आहे ती थीम निराळ्या नांवानें जपून ठेवावी. नातवानें प्रेमानें केलेलें काम पुसून टाकूं नये. तें दुरुस्त होण्याजोगें असतें.

दुसरी गोष्ट, संगणकाबरोबर आलेली मूळ थीम तात्पुरती लावून प्रोग्राम बंद करून पुन्हां उघडावा. कित्येक प्रोग्राम रंगांची यादी उघडतांना एकदांच वाचतात. चालू असतांना बदल केला तर त्यांस पत्ता लागत नाहीं, आणि आपण मात्र उपाय फुकट गेला असें समजतों. मूळ थीमखालीं सर्व दिसूं लागलें तर दोष आपल्या यादींत आहे. मूळ थीमखालींहि दिसलें नाहीं, तर तो प्रोग्रामांत किंवा त्या लेखांत आहे. विंडोज वापरणाऱ्या घरांत कॉन्ट्रास्ट थीम नकळत चालू झालेली असते. डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट व प्रिंट स्क्रीन हीं तीन बटणें एकत्र दाबलीं तर ती लागते किंवा जाते. लहान मुलांचे हात बटणांवर पडून ती लागली असेल, तर याच वाटेनें परतावें.

तिसरी गोष्ट, अक्षर खरोखरच आहे कीं नाहीं, हें पाहावें. कंट्रोलचें बटण धरून ‘ए’ दाबलें कीं सर्व मजकूर निवडला जातो व निवडलेल्या भागाची भूमि बदलते. नाहींसें झालेलें अक्षर त्या नव्या भूमीवर बहुधा उठून दिसतें. घाबरलेल्या माणसास धीर देण्यास यापरता सोपा उपाय नाहीं.

चौथी गोष्ट, बिघडलेली जागा यादींतील कोणत्या नांवाखालीं येते, तें शोधावें. नांवें फसवीं असतात. ‘विंडो’ म्हणजे आपण समजतों ती खिडकी असेलच असें नाहीं. यासाठीं संशयित नांवापुढें एक भडक राणी रंग लिहावा, जो घरांत दुसरीकडे कोठेंच नाहीं. मग प्रोग्राम उघडून तो रंग कोठें उमटला तें पाहावें. पाण्यांत रंग सोडून नळाची गळती शोधतात, तशीच ही रीत आहे. जागा सांपडली कीं राणी रंग काढून त्या जागीं योग्य जोडी लिहावी: भूमि आणि अक्षर, दोन्ही. एका वेळीं एकच जोडी बदलावी व पुन्हां पाहावें. निवडलेली ओळ, निष्क्रिय बटण आणि बटणावर बाण नेला असतां उमटणारी छोटी सूचना या तीन जागा लोक हटकून विसरतात. चारठाण्यासहि सूचनेचीच जागा राहून गेली होती.

पांचवी गोष्ट लेखाविषयीं. लिब्रेऑफिसमध्यें अक्षराच्या रंगांच्या यादींत ‘ऑटोमॅटिक’ असा एक प्रकार असतो. हा रंग नव्हे, ही समजूत आहे. भूमि उजळ असेल तर अक्षर काळें, भूमि गडद असेल तर पांढरें, आणि छापतांना कागदावर काळें, असें तें अक्षर आपलें आपण वागतें. परंतु दुसरीकडून उतरून घेतलेल्या मजकुराबरोबर त्याचा ठरीव काळा रंगहि येतो व तो कोणत्याहि भूमीवर काळाच राहतो. मामंजींच्या टिपणांत स्वतः टंकलेलीं पानें दिसत आणि उतरून घेतलेलीं दिसत नसत, याचें हेंच कारण. उपाय असा: फायलीची एक प्रत बाजूस ठेवून दुसऱ्या प्रतींत सर्व मजकूर निवडावा आणि अक्षराचा रंग ‘ऑटोमॅटिक’ करावा. मथळ्यांस मुद्दाम दिलेले रंग यानें जातील. ते मागाहून पुन्हां द्यावे. यापुढें बाहेरचा मजकूर घेतांना कंट्रोल, शिफ्ट व ‘व्ही’ हीं बटणें दाबून ‘स्वरूप नसलेला मजकूर’ असाच घ्यावा, म्हणजे परका रंग घरांत शिरणार नाहीं. आणि अक्षर दिसत नाहीं म्हणून तें पांढरें करणें हा उपाय कोणीं करूं नये. आपल्या पडद्यापुरता तो चालतो. छापखान्यांत किंवा परगांवच्या आप्ताकडे तोच लेख कोरा होऊन पोहोंचतो. हें उत्तर आम्हीं भगिनींस आधींच कळविलें होतें. त्याप्रमाणें करतांच चाळीसहि पानें काळ्या अक्षरांत परत मिळाल्याचें त्यांचें कार्ड आलें.

राहिला प्रश्न भूमि काळी असावी कीं पांढरी हा. यावर तरुण व वृद्ध यांच्यांत घरोघर वाद आहे. आपणां मराठी मंडळींस दोन्ही रीति बाळपणापासून परिचयाच्या आहेत: पाटी म्हणजे काळ्यावर पांढरें आणि पोथी म्हणजे पांढऱ्यावर काळें. पाटीवर मोठें अक्षर, थोडा मजकूर आणि लगेच पुसणें. पोथींत बारीक अक्षर, पुष्कळ मजकूर व दीर्घकाळ वाचन. पूर्वजांनीं ही वांटणी सोयीनें केली असली तरी डोळ्याच्या घडणीशींहि ती जुळते. उजळ भूमीकडे पाहतांना बुबुळांतील छिद्र आकुंचन पावतें व अक्षराची कड रेखीव दिसते. काळ्या भूमीकडे पाहतांना तें विस्तारतें, आणि ज्यांच्या डोळ्यास थोडाफार आडवा-उभा दोष आहे त्यांस पांढरें अक्षर फुटल्यासारखें, कडेनें पसरल्यासारखें दिसतें. शिवाय मराठवाड्यांतील लख्ख उजेडाच्या ओसरींत बसून काळा पडदा वाचावा म्हटलें, तर त्यांत अक्षरांआधीं आपलाच चेहरा दिसतो. रात्रीं मंद दिव्यांत मात्र काळी भूमि कित्येकांस सुखाची वाटते, आणि पांढऱ्या पडद्याच्या झगझगाटानें ज्यांचे डोळे दिपतात त्यांस ती खरोखर उपकारक आहे. तेव्हां नियम एवढाच कीं, दिवसा पोथी, रात्रीं वाटल्यास पाटी; आणि दोन्ही योजना तयार ठेवून ज्यास जी हवी ती त्यानें लावावी.

आणखी एक सूचना. रंग हा एकटाच निरोप्या करूं नये. जमाखर्चाच्या कोष्टकांत येणें हिरवें आणि देणें तांबडें लिहिण्याची पद्धत पडली आहे. तांबडा-हिरवा भेद न कळणारे लोक आपल्या समजुतीपेक्षां अधिक आहेत, व त्यांत पुरुषांचें प्रमाण स्त्रियांपेक्षां कितीतरी मोठें आहे. कारण हा दोष मातेकडून मुलाकडे येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो. मुलीस दुसरें निर्दोष गुणसूत्र तारतें, मुलास तो आधार नसतो. जुन्या पोथींत हिंगुळाच्या तांबड्या शाईनें श्लोकांक लिहीत, पण त्याबरोबर दंडहि असत. रंग उडाला तरी श्लोक कोठें संपला तें कळे. आपणहि देण्यापुढें उणें चिन्ह घालावें व मग खुशाल तांबडें करावें.

शेवटीं तरुण वाचकांस दोन शब्द. सुटींत घरीं आल्यावर वडील मंडळींचा संगणक नीट करून देणें, ही आजच्या काळांतील एक उत्तम सेवा आहे. ती अवश्य करावी. परंतु रंग बसविणाराच्या आवडीचे नसावे, वापरणाराच्या डोळ्यांस मानवणारे असावे. रंग बदलल्यावर आजोबांस किंवा आत्याबाईंस तेथेंच बसवून मेनू उघडावयास लावावा, एक ओळ निवडावयास लावावी, एक जुनें पान उघडावयास सांगावें आणि एक पान छापून पाहावें. या चार गोष्टींस पांच मिनिटें लागतात. जुनी योजना कोठें ठेवली आहे व ती परत कशी आणावी, हें मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून संगणकाशेजारीं ठेवावें. वृद्ध माणूस यंत्रापुढें अडला म्हणजे तो प्रथम यंत्रास दोष देत नाहीं, स्वतःस देतो. आणि एकदां ‘मला आतां जमत नाहीं’ असें त्यानें मनाशीं ठरविलें कीं त्याच्याजवळचें जें कोणाजवळच नाहीं, तें लिहावयाचें राहून जातें. गांवोगांवच्या देवळांची, बारवांची व माणसांची माहिती आज अशाच हातांत आहे.

पुढील अंकीं संगणकावर मराठी टंकण्याच्या निरनिराळ्या पद्धति, त्यांतील भेद व घरांत दोन पद्धति असल्यास होणारा घोंटाळा यांचा विचार करूं. याविषयीं ज्यांस कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं पत्रासोबत पडद्याचें चित्रहि पाठवावें, म्हणजे उत्तर देणें सोपें होईल.